आधी दक्षिणेला, मग उत्तरेला : सीरतच्या मागावर आठ दिवस

प्रेषित मुहम्मद (स.) यांचं चरित्र, म्हणजे सीरत, बहुतेकांनी सनावळीप्रमाणे वाचलेलं असतं. मक्का-मदिनेत गेल्यावर ते अंतर, चढ, पाणी आणि दिशा यांच्या हिशेबाने वाचता येतं. कुठली टेकडी कुठल्या खिंडीवर बघते, विहीर कुणाच्या बाजूला होती, कुठल्या अंगाने घोडदळ येऊ शकत नव्हतं, हे कळलं की पुस्तकातली निम्मी वाक्यं नव्याने उलगडतात. नेहमीच्या जियारतच्या, म्हणजे पवित्र स्थळं दाखवणाऱ्या, बसमध्ये यातलं फारसं हाती लागत नाही. दहा मिनिटं थांबा, फोटो, पुढे चला, असा तिचा खाक्या. खालचा आठ दिवसांचा क्रम उमराहच्या, म्हणजे हजखेरीज एरवी करायच्या छोट्या यात्रेच्या, मोसमातला, नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा आहे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा डोंगर चढायच्या फंदात पडू नये.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. मक्केच्या हरम-सीमेत, म्हणजे पवित्र क्षेत्रात, बिगर-मुस्लिमांना प्रवेश नाही, जेद्दाहून येताना महामार्गावरच त्यांची वाट वेगळी फुटते. मदिना शहराच्या बऱ्याच भागात आता कुणालाही जाता येतं, मस्जिद-ए-नबवीच्या (प्रेषितांच्या मशिदीच्या) परिसरात मात्र नाही.

पहिला दिवस : मुंबई–जेद्दा–मक्का

एहरामच्या, म्हणजे यात्रेकरूच्या बिनशिवणीच्या पोशाखाच्या, दोन चादरी हातातल्या पिशवीत ठेवायच्या. त्या मोठ्या बॅगेत गेल्या की घोटाळा झालाच, कारण मीकात, म्हणजे जिच्यापुढे एहरामशिवाय जायचं नाही ती हद्द, विमान हवेत असतानाच मागे पडते. मुंबई ते जेद्दा साधारण साडेपाच तास. उतरण्याच्या अर्धा तास आधी घोषणा होते, तेव्हा नियत (मनाशी संकल्प) करून तल्बिया, म्हणजे ‘लब्बैक’चा घोष, सुरू करायचा. कपडे मुंबईलाच बदलून घ्यावेत, विमानाच्या संडासात चादर नेसणं ही कसरत आहे. जेद्दाला उतरून मग एहराम बांधला, तर मागे मीकातवर जाऊन यावं लागतं किंवा दम, म्हणजे एका जनावराची कुर्बानी, द्यावी लागते.

या हद्दी प्रेषितांनीच ठरवून दिल्या. मदिनेकडून येणाऱ्यांना जुल-हुलैफा, शाम (सीरिया) कडच्यांना जुहफा, नज्द (मध्य अरबस्तान) कडच्यांना कर्न, यमनकडच्यांना यलमलम. हिंदुस्थानातले हाजी बोटीने जात तेव्हा यलमलमच्या समोर आलं की एहराम बांधत. मुंबईहून ती बोट १९९५ पर्यंत चालली. कोकणातल्या घरांतून यलमलम हा शब्द अजून कानावर येतो तो त्यामुळे.

मक्केत पोहोचल्यावर उमराह. इथे सीरतचे पहिले दोन धागे हाताला लागतात, पण गर्दीत ते सुटतात.

पहिला हतीम. काब्याच्या उत्तर अंगाला कमरेच्या वर येणारी अर्धगोल भिंत आहे. तवाफ, म्हणजे काब्याभोवतीच्या सात फेऱ्या, तिच्या बाहेरून करायचा. आतून वाट काढली तर तो फेरा धरला जात नाही. कारण ती भिंत ज्या जागेला कवेत घेते, तिचा काही भाग मुळात काब्याचाच. प्रेषित सुमारे ३५ वर्षांचे असताना कुरैशांनी, म्हणजे मक्केतल्या त्यांच्याच जमातीने, काबा नव्याने बांधला. त्यासाठी व्याजाचा किंवा वाईट मार्गाचा पैसा वापरायचा नाही असं ठरवलं, आणि स्वच्छ पैसा कमी पडला म्हणून इमारत आखूड केली. त्याच बांधकामात काळा दगड कुणी बसवायचा यावरून टोळ्यांत तलवारी निघायची वेळ आली. मुहम्मदांनी चादर पसरून दगड तिच्यावर ठेवला, प्रत्येक टोळीच्या म्होरक्याला एकेक कोपरा धरायला लावला आणि जागेवर आल्यावर स्वतः बसवला. नबुव्वत (प्रेषितपद) मिळायला अजून पाच वर्षं होती.

दुसरा धागा पुरुषांच्या चालण्याचा. तवाफाच्या पहिल्या तीन फेऱ्यांत छाती काढून झपझप चालतात, त्याला रमल म्हणतात. उजवा खांदा उघडा ठेवतात, तो इज्तिबा. ही पद्धत इ.स. ६२९ च्या उमराहची. मदिनेच्या तापाने हे लोक खंगले असतील असं मक्कावाले आपसात म्हणत डोंगरावरून बघत होते, त्यांना दाखवण्यासाठी ती चाल. आज मताफात, म्हणजे तवाफाच्या अंगणात, गर्दी असेल तर रमल सोडून द्यावा. धक्के मारून सुन्नत (प्रेषितांची रीत) पाळणं हा उलटा हिशेब आहे. तवाफ संपला की खांदा झाकायचा. तो पुढे सईतही, म्हणजे सफा आणि मरवा या टेकड्यांमधल्या फेऱ्यांतही, उघडा ठेवणारे दर वेळी दिसतात.

कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई, देशावरचे बहुतांशी हनफी, या विधिनियमांच्या दोन परंपरा. शाफई मताने परक्या स्त्री-पुरुषांच्या त्वचेचा स्पर्श झाला की वुजू (नमाज-तवाफाआधी हातपाय-तोंड धुऊन घेतलेली शुद्धी) मोडतो. मताफात हे टाळणं जवळपास अशक्य, म्हणून बरेच शाफई यात्रेकरू तवाफापुरतं हनफी मत धरतात. निघण्याआधी आपल्या आलिमांना विचारून ठेवावं. उलट हनफींना असरची (दुपारनंतरच्या नमाजाची) अजान घरच्यापेक्षा लवकर झालेली वाटेल. हरममध्ये, म्हणजे काब्याभोवतीच्या मशिदीत, ती पहिल्या वेळेला होते, खोलीवर झोपून राहिलं तर जमात (सामूहिक नमाज) चुकते.

सईत सफा ते मरवा ही एक फेरी, मरवा ते सफा ही दुसरी. सातवी मरवावर संपते. जाऊन-येऊन एक असं मोजणारे चौदा फेऱ्या मारतात आणि पाय सुजवून घेतात. सात फेऱ्यांचं अंतर सुमारे तीन किलोमीटर भरतं, तेवढंच पुरे आहे.

दुसरा दिवस : हरमच्या आसपास

सकाळी परत सफावर, या वेळी सईसाठी नव्हे. हा खडकाचा उंचवटा आता काचेआड आणि छताखाली आहे, पण सार्वजनिक प्रचाराची पहिली हाक प्रेषितांनी इथूनच दिली. शत्रू चालून आला की ज्या आरोळीने गाव गोळा करत, तीच आरोळी दिली आणि विचारलं, या डोंगरामागे घोडदळ आहे असं सांगितलं तर मानाल? सगळे हो म्हणाले. पुढचं ऐकून चुलता अबू लहबच सगळ्यांत आधी उठून गेला. सुरुवातीचे अनुयायी जिथे गुपचूप जमत ते अर्कम यांचं घरही सफाच्या पायथ्याशीच होतं. त्याची खूण उरलेली नाही.

जुन्या मक्केचं पुष्कळसं याच वाटेने गेलं. हरम वाढवायचा तर जागा लागणारच, लाखो माणसं सामावायची आहेत, हे खरं. तरी अजियादचा उस्मानी किल्ला २००२ मध्ये पाडून तिथे ६०१ मीटरचा घड्याळाचा मनोरा उभा राहिला, त्यात जागेची निकड कमी आणि हौस जास्त दिसते.

सफा-मरवाच्या बाहेर पूर्वेला एक साधी इमारत एकटी उभी आहे, मक्का अल-मुकर्रमा ग्रंथालय. प्रेषितांचा जन्म (सुमारे इ.स. ५७०) इथल्या घरात झाला असं परंपरा मानते. आत जायला मिळेल असं धरू नये. भिंतीला हात लावणाऱ्यांना रक्षक हटकतात, म्हणून गटाने दहा पावलं अलीकडेच थांबावं. वडील अब्दुल्ला त्यांच्या जन्माआधीच यसरिबमध्ये (नंतरच्या मदिनेत) वारलेले, आई सहाव्या वर्षी गेली, आजोबा आठव्या. नंतर चुलते अबू तालिब यांनी वाढवलं. पुढच्या दिवसांत हे अबू तालिब लक्षात ठेवायचे.

तिथून उत्तरेला जन्नत-उल-मुअल्ला हे कबरस्तान. प्रेषितांच्या पहिल्या पत्नी खदीजा यांची कबर इथे आहे. घुमट १९२० च्या दशकात पाडले गेले, कबरींवर नाव नाही, नुसते दगड. स्त्रियांना आत सोडत नाहीत, त्यांनी वरच्या रस्त्यावरून बघावं. ६१९ साली खदीजा आणि अबू तालिब थोड्याच काळाच्या अंतराने गेले. एक घरातला आधार, दुसरा टोळीचा. पाठीशी टोळी नसलेल्या माणसाला त्या मक्केत कुणीही मारावं, हे समजल्याशिवाय पुढची हिजरत, म्हणजे मक्का सोडून मदिनेला जाणं, समजत नाही.

तिसरा दिवस : हिरा

हिरा गुहेचा डोंगर जबल-ए-नूर हरमच्या ईशान्येला आहे, टॅक्सीने पंधरा-वीस मिनिटं. पायथ्याशी २०२३ पासून हिरा सांस्कृतिक परिसर उघडला आहे. तिथलं प्रदर्शन चांगलं आहे, पण ते उतरल्यावर बघावं. चढायला फज्रनंतर (पहाटेच्या नमाजानंतर) लगेच लागायचं.

डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे ६४० मीटर. हजाराहून अधिक पायऱ्या आहेत, पण एकीची उंची दुसरीला नाही. धडधाकट माणसाला पाऊण तास, साठीच्या पुढच्याला दीड. गुडघे चढताना नव्हे, उतरताना दगा देतात. तळ गुळगुळीत झालेल्या चपला पायथ्याशीच ठेवाव्यात, असंख्य पावलांनी पायऱ्या घासून चकचकीत झाल्या आहेत. माणशी एक लिटर पाणी. रिकाम्या बाटल्या खाली आणाव्यात, वर काय ढीग पडतो ते बघून लाज वाटते.

बहुतेकांचा गोंधळ शिखरावर होतो. गुहा शिखरावर नाही. माथा ओलांडून पलीकडे थोडं उतरायचं, मग दोन शिळांमधल्या फटीतून अंग चोरून आत सरकायचं, तेव्हा तोंड दिसतं. जाड माणसांसाठी वरून वळसा आहे. गुहा म्हणजे एकमेकांवर रेललेल्या खडकांची पोकळी, सुमारे साडेतीन मीटर लांब, दीड मीटर रुंद. एक माणूस उभा राहून नमाज पढेल, दोघांना अडचण. रांगेत मागे पन्नास लोक असतात तेव्हा आत दहा-दहा मिनिटं बसू नये. इथे नमाज पढणं उमराहचा भाग नाही, वर चढणंही नाही.

प्रेषितांचं वय चाळीस, साल ६१०, रमजान. इथे अल्लाहच्या संदेशाचा पहिला शब्द आला तो ‘इक्रा’, वाच. तो आता कुरआनच्या ९६ व्या सूरतीच्या सुरुवातीला आहे. वाचता न येणारा माणूस तिथून थरथरत घरी गेला आणि मला पांघरूण घाला म्हणाला. खदीजा यांनी धीर दिला, मग आपला चुलतभाऊ वरका यांच्याकडे नेलं. हे वरका ख्रिस्ती होते. खदीजा पन्नाशी ओलांडल्यावरही इथे शिधा पोहोचवत असत असं सांगतात. तो चढ चढून आलेल्यानेच त्या वाक्याचं वजन करावं.

चौथा दिवस : ताइफ

अंतर नव्वदेक किलोमीटर, पण हद्याचा घाट चढला की हवा एकदम गार. घाटात माकडं गाडीच्या खिडकीतून खाऊ ओढतात. खदीजा आणि अबू तालिब गेल्यावर प्रेषित आसरा शोधत इथे आले, सोबत फक्त मानलेला मुलगा जैद. इथल्या सरदारांनी पोरंटोरं मागे लावून दगड मारवले. रक्ताळलेल्या पायांनी ते एका द्राक्षबागेच्या कडेला बसले, तेव्हा अद्दास नावाच्या ख्रिस्ती गुलामाने द्राक्षं आणून दिली. हा निनवेचा होता. त्याच्या नावाची लहानशी मशीद शोधावी लागते, चालकाला नाव आधी सांगून ठेवावं. परतल्यावर मक्केत शिरायलाही संरक्षण लागलं, ते दिलं मुतइम बिन अदी यांनी. तेही मुसलमान नव्हते.

ताइफहून परत येताना वाटेत मीकात आहे. दुसरा उमराह करायचा असेल तर एहराम सोबत हवा.

पाचवा दिवस : सौर आणि अरफात

मदिना मक्केच्या उत्तरेला. सौरचा डोंगर दक्षिणेला, यमनच्या रस्त्यावर. हिजरतची सगळी आखणी या एका उलट्या दिशेत आहे. ६२२ साली कुरैशांच्या प्रत्येक टोळीतून एकेक तरुण घेऊन मिळून प्रेषितांवर घाव घालायचं ठरलं, म्हणजे सूड घ्यायचा तर सगळ्यांशी लढावं लागेल. त्या रात्री प्रेषितांच्या बिछान्यात चुलतभाऊ अली झोपले आणि ते स्वतः सोबती अबू बक्र यांच्यासह दक्षिणेला निघाले. शोधणारे आधी उत्तरेची वाट धरणार, हा अंदाज.

सौरवरच्या गुहेत तीन रात्री. अबू बक्र यांची मुलगी अस्मा शिधा आणायची. मुलगा अब्दुल्ला दिवसभर मक्केत कान देऊन रात्री बातमी पोहोचवायचा. आमिर बिन फुहैरा शेळ्या-मेंढ्यांचा कळप त्याच वाटेवरून हाकायचा, दूधही मिळे आणि पावलांचे ठसेही पुसले जात. वाटाड्या अब्दुल्ला बिन उरैकित अजून मूर्तिपूजकच होता. शंभर उंटांचं इनाम लागलेलं असताना दोन उंट त्याच्या स्वाधीन केले होते. गुहेच्या तोंडावर कोळ्याचं जाळं आणि कबुतर बघून शोधणारे मागे फिरले, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण कुरआनात (९:४०) फक्त गुहेतले दोघे आहेत. जाळ्याची रिवायत, म्हणजे ती हकीकत, हदीसच्या (प्रेषितांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींच्या) बऱ्याच जाणकारांनी कच्ची ठरवली आहे. चार माणसांची ती शिस्तशीर कामवाटणी त्या गोष्टीखाली झाकली जाते, ही चुटपुट लागते.

हा डोंगर हिराहून उंच, चढायला दीड ते दोन तास, वाट ओबडधोबड. गुहेचं तोंड बुटकं, ओणवं होऊन शिरायचं. बस पायथ्याशी पाच मिनिटं थांबवतात. वर जायचं तर वेगळी टॅक्सी करून पहाटे यावं.

दुपारी अरफात, हरमपासून सुमारे वीस किलोमीटर. हजचा दिवस सोडला तर मैदान मोकळं असतं. १० हिजरीच्या (मार्च ६३२) हजमध्ये प्रेषितांनी इथे उंटिणीवरून खुतबा (प्रवचन) दिला. जुने रक्ताचे सूड रद्द केले ते आपल्या घराण्यातल्या खुनापासून, व्याज रद्द केलं ते चुलते अब्बास यांना येणं असलेल्या व्याजापासून. आवाज पोहोचावा म्हणून एकजण वाक्यं मोठ्याने पुन्हा म्हणत होता. पलीकडच्या नमिरा मशिदीचा पुढचा भाग अरफातच्या हद्दीबाहेर आहे. आत तशा पाट्या आहेत. हजच्या दिवशी तिथेच बसून राहिलेल्याचा वुकूफ (अरफातमध्ये थांबण्याचा विधी) होत नाही आणि वुकूफ चुकला की हजच चुकतो, म्हणून ती जागा आताच पाहून ठेवावी.

सहावा दिवस : हुदैबिया, बद्र, मदिना

हरमैन रेल्वेने मक्का ते मदिना सव्वादोन-अडीच तासांत होतं. सीरतसाठी आलेल्याने निदान एकदा तरी रस्त्याने जावं आणि पूर्ण दिवस द्यावा.

जेद्दाच्या जुन्या रस्त्यावर वीस-बावीस किलोमीटरवर शुमैसी, म्हणजे हुदैबिया. ६२८ मध्ये प्रेषितांसोबत सुमारे १४०० माणसं उमराहसाठी इथवर आली आणि अडवली गेली. कुरैशांशी तह झाला तो वरवर बघता नामुष्कीचा. यंदा परत जा, पुढल्या वर्षी तीन दिवसांसाठी या, दहा वर्षं लढाई बंद, मक्केतून पळून आलेला माणूस परत करायचा, मदिनेतून पळालेला मात्र परत मिळणार नाही. ‘अल्लाहचे रसूल’ हे शब्दही कुरैशांच्या वकिलाने खोडायला लावले. जनावरं कापून डोकी भादरायला सांगितलं तर रागाने कुणी उठेना. प्रेषितांच्या पत्नी उम्मे सलमा यांनी सुचवलं, कुणाशी न बोलता तुम्ही आधी करा. मग सगळे उठले. दोन वर्षांत मुसलमानांची दहा हजारांची फौज जवळजवळ न लढता मक्केत शिरली ती या तहाच्या जोरावर. मशीद अगदी साधी आहे, पंधरा मिनिटं पुरतात.

किनाऱ्याने राबिग. पुढे उजव्या हाताला आत अबवा, जिथे सहा वर्षांच्या मुलाची आई आमिना प्रवासात वारली. तिथवर बस जात नाही.

बद्र. हे गाव मदिनेपासून दीडशे किलोमीटर आहे आणि थांबा निदान दोन तासांचा हवा. १७ रमजान २ हिजरी, मार्च ६२४, या दिवशी इथे मक्कावाल्यांशी लढाई झाली. इकडे मुसलमान तीनशेहून थोडे जास्त, दोन घोडे, सत्तर उंट, पाळीपाळीने बसत आलेले. तिकडे हजाराच्या आसपास. प्रेषितांनी आधी अलीकडे तळ टाकला होता. हुबाब बिन मुंजिर यांनी विचारलं, ही जागा अल्लाहच्या हुकमाची की लढाईच्या डावपेचाची? डावपेचाची म्हटल्यावर त्यांनी सांगितलं, पुढे सरकू, शेवटची विहीर ताब्यात घेऊ, बाकीच्या बुजवू. तसंच झालं. रात्रीच्या पावसाने इकडची वाळू दबून पाय घट्ट रोवले गेले. वाळूचा तो उंच ढिगारा अजून आहे. भर दुपारी त्यावर चढून बघावं, घोट्यापर्यंत पाय रुतला की कोरड्या वाळूत लढणं म्हणजे काय ते कळतं. चौदा शहिदांची नावं फलकावर कोरली आहेत. जिथे प्रेषितांचा मांडव होता तिथे अरीश मशीद. सत्तर कैद्यांपैकी ज्यांच्याकडे खंडणी नव्हती पण अक्षरं होती, त्यांनी दहा-दहा मुलांना लिहायला शिकवून सुटका करून घेतली.

हजच्या दिवसांत बसला ठरलेला मार्ग सोडता येत नाही, त्यामुळे बद्र सहसा गाळलं जातं.

सातवा दिवस : कुबा आणि मस्जिद-ए-नबवी

हॉटेलवर वुजू करूनच कुब्याच्या मशिदीकडे निघावं. घरून पाक होऊन येऊन इथे नमाज पढणाऱ्याला उमराहचं पुण्य, अशी हदीस आहे, त्यात ‘घरून’ला महत्त्व आहे. मशिदीच्या नळावर रांग लावणारे ते विसरतात. प्रेषित शनिवारी इथे येत, कधी स्वारीवर, कधी पायी. नबवीपासून तीनेक किलोमीटरचा पादचारी मार्ग आता छान झाला आहे, चालतच जावं.

मस्जिद-ए-नबवीची मूळ जागा दोन अनाथ भावांचं खजूर वाळवायचं खळं होती. मदिनेत आल्यावर प्रेषितांची उंटीण तिथे बसली. मुलं फुकट द्यायला तयार होती, तरी किंमत मोजून घेतली. भिंती कच्च्या विटांच्या, खांब खजुरीचे, छपरातून पाऊस गळे. आजच्या संगमरवरात ते खळं शोधायचं तर रौज्यात जावं लागतं. प्रेषितांचं घर आणि मिंबर (प्रवचनाचा चौथरा) यांमधली ही जागा साधारण २२ मीटर बाय १५. हिरवा गालिचा लागला की पोहोचलो समजायचं. परवानगी नुसुक ॲपवर घ्यावी लागते आणि एकदा मिळाली की पुन्हा सहज मिळत नाही, नियम ३६५ दिवसांतून एकदाचा आहे. व्हिसा हातात पडताच प्रयत्न सुरू करावा. स्त्रियांच्या वेळा वेगळ्या असतात, पती-पत्नीला एकच वेळ मिळेल हे धरून चालू नये.

प्रेषितांच्या कबरीपाशी सलाम पेश करायला पुरुष बाब-उस-सलामने शिरतात. जाळीत गोल छिद्रं आहेत. मोठं प्रेषितांच्या चेहऱ्यासमोरचं, पुढचं अबू बक्र यांचं, त्यापुढचं उमर यांचं (हे दोघे पहिले दोन खलिफा). लोक पहिल्याच जाळीपाशी गर्दी करतात, ती जागा ही नव्हे. वरचा घुमट १२७९ चा, त्याला हिरवा रंग लागला १८३७ मध्ये. या मशिदीत सलग चाळीस नमाजांसाठी आठ दिवस राहायलाच हवं असा समज आपल्याकडे पक्का आहे. त्या हदीसच्या सनदीवर (सांगणाऱ्यांच्या साखळीवर) उलेमांचं एकमत नाही. दिवस कमी असले तर हळहळू नये.

आठवा दिवस : उहुद, खंदक, किब्लतैन, गर्स

उहुदवर फज्रनंतर लगेच. सगळे शहिदांच्या कुंपणापाशी थांबतात. आधी समोरच्या बुटक्या टेकडीवर चढा. ६२५ मध्ये मक्कावाल्यांशी झालेल्या लढाईत तिच्यावर प्रेषितांचे ५० तिरंदाज होते, आम्हाला गिधाडं टोचताना दिसली तरी जागा सोडू नका असा हुकूम होता. पाठीला उहुदचा डोंगर, मोकळी राहिली ती एवढीच बाजू. मक्कावाले पळताना दिसले, लूट दिसली, आणि बहुतेक तिरंदाज खाली उतरले. खालिद बिन वलीद यांचं घोडदळ तेव्हा विरुद्ध बाजूला होतं, ते टेकडीला वळसा घालून मागून आलं. वर उभं राहिलं की तो वळसा नजरेने आखता येतो. सत्तर शहीद, त्यांत चुलते हमजा. प्रेषितांचा दात तुटला.

दोन वर्षांनी दहा हजार शत्रू चालून आले तेव्हा सलमान फारसी यांनी खंदक सुचवला. तो उत्तरेलाच का, हे सलअ टेकडीपाशी कळतं. पूर्वेला आणि पश्चिमेला काळ्या लाव्ह्याची रानं, घोड्याचे खूर फुटतील अशी. दक्षिणेला दाट खजुराच्या बागा आणि घरं. दहा जणांना चाळीस हात खणायचे, अशी वाटणी होती. खंदकाची खूण आज नाही, नव्या मोठ्या मशिदीपुढे गाइड बोट दाखवतो ते अंदाजाने. वेढा उठल्यावर आतल्या बनू कुरैजा या यहुदी टोळीवर फितुरीचा ठपका आला आणि साद बिन मुआज यांच्या निवाड्याने पुरुषांना मारलं गेलं. सीरतच्या जुन्या ग्रंथांत हे सविस्तर आहे, जियारतच्या बसमध्ये कुणी काढत नाही. काढायला हवं.

किब्लतैन म्हणजे दोन किब्ल्यांची (नमाजाच्या दिशांची) मशीद, इथे नमाज चालू असताना तोंड जेरुसलेमकडून मक्केकडे फिरलं. मदिनेत जेरुसलेम उत्तरेला आणि मक्का दक्षिणेला. म्हणजे थोडं वळणं नव्हे, अख्खी जमात पाठमोरी झाली, मागच्या ओळी पुढे आल्या.

शेवटी कुब्याजवळची गर्स विहीर. हिचं पाणी प्रेषितांना आवडे. जून ६३२ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, पत्नी आयेशा यांच्या खोलीत त्यांचं निधन झालं, तेव्हा गुस्लचं (अंत्यस्नानाचं) पाणी याच विहिरीतून नेलं. कबर त्याच खोलीत खणली, काल ज्या जाळीसमोर सलाम केला तिच्या आत.

झमझम विहिरीचं पवित्र पाणी मात्र बॅगेत भरून घेऊ नये. विमानतळावर पाच लिटरचा सीलबंद खोका मिळतो, माणशी एक, तोच चालतो.